घोंघिलांचं गाव

आमच्या घरात शनिवारची संध्याकाळ घासलेटच्या वासाची असायची. बाबा छत्तीसगढात रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. आठवडाभर मालगाडीच्या डब्यांची चाकं दुरुस्त करूनही त्यांचं मन भरत नसे, म्हणून शनिवारी क्वार्टरच्या अंगणात सायकल उलटी करून ते तिची चेन काढत, घासलेटच्या डब्यात बुडवत आणि जुन्या ब्रशनं एकेक कडी घासत बसत. आत स्टोव्ह भरभरत असे आणि त्याच्यापुढे आई भरड्याचे वडे तळत असे. तेलाचा वास आणि घासलेटचा वास दारात एकमेकांना भेटत, आणि आईच्या तोंडाचा पट्टा दोन्हींच्या वरून चालू असे. "साहा दिवस लोखंड, सातव्या दिवशीबी लोखंड. घरात बायको हाये, हे ध्यानात तरी हाये का?" बाबा मान वर न करता म्हणत, "हाये ना. म्हणून तं चाललो." मग आई खोटं खोटं रागवायची आणि वड्यांसोबत जवसाची चटणी थोडी जास्तच बांधून द्यायची. त्या दोघांचं प्रेम असं भांडूनच चालायचं. आम्ही पोरं त्या आवाजात अभ्यास करायला शिकलो, त्यामुळे आजही शांततेत मला दोन ओळी वाचवत नाहीत.

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की बाबा सायकल मंडळासोबत निघत. मंडळाला नाव नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं, बॅनरही नव्हता. कारखान्यातले वीसेक जण, शाळेतले दोन मास्तर, बँकेतला एक जाडजूड कॅशियर, आणि सगळ्यांना धाकात ठेवणारे रामटेके काका. हे काका कारखान्यात बाबांच्याच शॉपमध्ये, म्हणजे विभागात, होते आणि आमच्या मागच्या लाईनीत राहत. दिवसभर कुठंतरी खेड्यापाड्यांतून सायकल चालवायची, एखाद्या तलावाच्या पाळीवर बसून डबे सोडायचे, गप्पा हाणायच्या आणि दिवेलागणीला परतायचं, एवढाच कार्यक्रम. नियम मात्र होते. सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या पुढं कोणी फार जायचं नाही. एकाची पंक्चर झाली की सगळ्यांनी थांबायचं. आणि तिसरा नियम बाबांनी घालून दिलेला होता: गाव आलं की सायकलवरून उतरायचं नाही. छाती काढून, घंट्या वाजवत, गावाच्या मधोमध रस्त्यानं जायचं. पहिली घंटी मंडळीतल्या सर्वांत लहान माणसानं वाजवायची, मग बाकीच्यांनी एकदम. "चोरावानी जायाचं नाही," बाबा म्हणत. "आपुन आलो हे गावाले समजलं पायजे." लोकांना त्यात गंमत वाटे. गावातली पोरंही मागं धावत, म्हाताऱ्या दारात येऊन हसत. बाबा तेवढे हसत नसत, असं रामटेके काका सांगत. गाव ओलांडेपर्यंत त्यांची मान ताठ असे आणि अंगठा घंटीवरून हलत नसे. मला वाटे, कारखान्यात साहेबापुढं मान खाली घालावी लागते, त्याची भरपाई चालली असेल.

माझा नातूही आता सायकल चालवतो. चौबे कॉलोनीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत त्याची सायकल भिंतीला टांगलेली असते, आणि तिच्यामुळं माझ्या तुळशीला ऊन मिळत नाही. त्याच्या क्लबाचे लोक डोक्याला टोपडं, अंगाला चिकटलेले कपडे घालून पहाटे निघतात आणि आल्यावर मोबाईलमध्ये बघून ठरवतात की आपण दमलो की नाही. "नानी, आप लोग बिना गियर के इतना दूर जाते थे?" तो विचारतो. मी मराठीत सांगते, तो हिंदीत हसतो. त्याला ही हकीकत सांगायला मी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा त्याचा फोन वाजला. म्हणून लिहायला घेतली.

मी अकरावीत असताना मंडळात घुसले. आईचा विरोध होता. "पोट्टी हाये, दिवसभर माणसाईसंग भटकन, लोकं काय म्हणतीन?" बाबा म्हणाले, "लोकं मंडळातच हायेत. ते काय म्हणतीन ते मी आयकीन." वादावादी दोन शनिवार चालली. तिसऱ्या शनिवारी आईनं न बोलता माझ्यासाठी वेगळा डबा काढला, तेव्हा मला समजलं की आपण जिंकलो. शेजारच्या साहूताईंनी तीजेच्या सणाची उरलेली ठेठरी, म्हणजे बेसनाची कडक शेव, पुडीत बांधून दिली. मी सर्वांत लहान, म्हणजे पहिली घंटी माझी. त्या रात्री मी उठून उठून हँडलवरची घंटी कपड्यानं पुसत होते. एवढी मोठी गोष्ट माझ्या वाट्याला त्याआधी आली नव्हती.

पंडरी बाजारातली कापडाची दुकानं अजून झोपलेली होती, त्यांच्यासमोरून आम्ही निघालो. नागपूरच्या गाडीच्या खिडकीतून जेवढं दिसे तेवढाच मुलूख मी पाहिला होता. खिडकीतला मुलूख मागं पळतो. सायकलवरून तो पळत नाही, तो येतो आणि भेटतो, हे मला त्या सकाळी कळलं. मोठा रस्ता सोडून आम्ही महानदीच्या अंगाला मुरुमाच्या रस्त्यावर वळलो आणि मी गप्पच झाले. भादव्याचं ऊन पडलं होतं. धान मांडीएवढं झालेलं, आणि ते नुसतं हिरवं नव्हतं. जवळचं एक हिरवं, धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधापलीकडचं, दुसरं, आणि पार आभाळाला टेकलेलं तिसरंच. गावागणिक तलाव, तलावात कमळं, कमळांमध्ये गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या म्हशी. आणि आभाळ किती होतं! आमच्या कॉलनीत आभाळ दोन क्वार्टरांच्या मध्ये सापडायचं. इथं ते मोजायला कोणी बसलंच नव्हतं. मला रडू येईल असं वाटायला लागलं, आणि रडण्यासारखं तर काहीच झालेलं नव्हतं. रामटेके काका मागून ओरडले, "काहून वो मंजे, जीभ घरी इसरली का?" सगळे हसले. मी एरवी अशी बडबडी होते की मास्तर मला वर्गात हजेरीनंतर लगेच बाहेर उभं करत.

पहिल्या चार गावांत मी घंटी वाजवली. माझी एकटीची किणकिण, आणि लगेच मागून पंचवीस घंट्यांचा दणका. पोरं धावली, कुत्री भुंकली. पाठीतून नुसती वीज जात होती. पाचव्या गावाच्या अलीकडे शेळ्या चारणारा एक माणूस धुऱ्यावर उभा होता. आम्हाला पाहून त्यानं दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात खाली-वर हलवले. आम्ही टाटा समजलो. सगळ्यांनी हात हलवले, कॅशियरनं तर रुमाल काढला. पुढं गाव होतं आणि गावाच्या मध्यावर चिंचेची तीन-चार अवाढव्य झाडं. त्यांच्यावर कोणीतरी धुणं वाळत घातलंय असं लांबून वाटलं. रस्ता थेट त्यांच्याखालून जात होता. मी झाडाखाली पोचले, मान ताठ केली आणि अंगठा दाबला. मागून पंचवीस घंट्या.

ते धुणं उडालं. मी दुसऱ्या शब्दांत सांगू शकत नाही. पहिल्यांदा आवाज आला, मोठी ताडपत्री झटकावी तसा, आणि मग झाडंच्या झाडं वर उचलली गेली. शेकडो पक्षी, बगळ्याहून कितीतरी मोठे, करडे-पांढरे, पंखांच्या कडा काळ्या. उन्हाची तिरीप आमच्यावर पडली, विझली, परत पडली. वरून काटक्या, पिसं, शिट, सगळं बरसायला लागलं. माझ्या पुढच्या चाकापाशी पच्‌ करून काहीतरी पडलं. अंडं होतं. मी ब्रेक दाबला आणि तशीच उभी राहिले. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून मोठं काहीतरी वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. कारण एवढं सुंदर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या अंगठ्यानं मोडलं होतं.

समोरच्या घरातून एक म्हातारी धावत आली. धावत, पण आवाज न करता. ती ओरडली नाही. तिनं शेणानं भरलेला हात माझ्या घंटीवर ठेवला, घट्ट, एखाद्या पोराचं तोंड दाबावं तसा. "झन बजा, नोनी," ती कुजबुजली, "झन बजा." वाजवू नको, पोरी. मागोमाग सगळ्या दारांतून माणसं बाहेर आली आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही. त्यांनी हातानंच आम्हाला उतरवलं, सायकली आडव्या पाडायला लावल्या, आणि झाडांपासून थोडं दूर, एका घराच्या ओसरीवर आणि तिच्यासमोरच्या निंबाच्या सावलीत बसवलं. मंडळातल्या एका छत्तीसगढी फिटरनं विचारून आम्हाला हळू आवाजात सगळं सांगितलं. हे घोंघिल. पावसाच्या तोंडाशी येतात, धानातले घोंघे, म्हणजे गोगलगाई, खातात आणि याच झाडांवर पिल्लं काढतात. ते आल्याशिवाय या गावात पेरत नाहीत. पिल्लं उडेपर्यंत गाव आवाज करत नाही. बैलांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये चिंध्या कोंबतात, गणपती वाजंत्रीशिवाय आणतात, दिवाळीला राउत नाचाचे, म्हणजे गवळ्यांच्या नाचाचे, लोकसुद्धा शिवेवर बाजा थांबवतात आणि गाव ओलांडून परत सुरू करतात. धुऱ्यावरचा तो माणूस आम्हाला थांबा म्हणत होता.

(गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर येत्या भादव्यात तिथं शंभर मोबाईल जातील.)

म्हातारी आमच्याजवळच बसली होती. तिनं चिंचेकडं बोट केलं. पानांच्या मध्ये काटक्यांची घरटी होती, आणि त्यांतून करड्या माना वर येत होत्या, चोची उघड्या. "पिला मन घाम म मर जाहीं," ती म्हणाली. पिल्लं उन्हानं मरतील. आई-बाप दुपारभर पंख पसरून त्यांच्यावर सावली धरतात, ते उठले की सावली गेली. आणि कावळे आलेच होते. शेजारच्या छपरावर चार बसले होते आणि त्यांना अजिबात घाई नव्हती. "लहुटहीं का, दाई?" फिटरनं विचारलं. परत येतील का? म्हातारीनं तळहात उघडा करून दाखवला. "डेरा गे हें. बेर लागही." घाबरलेत, वेळ लागेल. कधी येतात, कधी त्यातले काही येतच नाहीत.

मग आम्ही बसलो. पंचवीस सायकलवाले आणि अख्खं गाव. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण निंबाची सावली माझ्या पायांवरून सरकून पूर्ण बाहेर गेली. पक्षी वर वर चढत गेले होते आणि आभाळात हळूहळू गोल फिरत होते, इतक्या उंच की राईचे दाणे दिसावेत. खाली आवाज नव्हता. लहान पोरं सुद्धा गप्प. एका बाईच्या कडेवरचं तान्हं कुरकुरलं तर तिनं त्याला पदराखाली घेतलं आणि आत नेलं. मी माझा तळहात तोंडावर धरून बसले होते, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. बाबा ओसरीच्या कडेला बसले होते. त्यांची मान खाली होती. मी बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ते माझ्यावर रागावलेत. मग वाटलं, नाही, हे रागावणं नाही, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

आणि मग एक उतरला. कुठून आला ते दिसलं नाही. पाय लोंबकळत ठेवून, पंख ताणून तो चिंचेच्या शेंड्यावर टेकला, डुलला, सावरला. कोणी हललं नाही. दुसरा आला. दोन आले. मग आभाळ सैल झाल्यासारखं ते येत राहिले, एकेक आपल्या घरट्यावर बरोबर, आणि टेकला की लगेच सूर्याकडं पाठ करून पंख उघडायचा. झाडभर छत्र्या उघडत गेल्या. एवढ्या मोठ्या आभाळातून आपलं हातभर घरटं त्यांना सापडत होतं! माझ्या अंगावर काटा आला तो आत्ता लिहितानाही येतोय. विहारात वंदना म्हणताना मी डोळे मिटत असे ते सवयीनं. त्या दिवशी पहिल्यांदा माझे हात आपोआप जुळले. पलीकडे रामटेके काका, कारखान्यात ज्यांच्या शिव्यांना लोखंड घाबरे, ते डोळे पुसत होते आणि आपण घाम पुसतोय असं दाखवत होते.

सगळे आले, एक सोडून. रस्त्याकडच्या खालच्या फांदीवर एक घरटं उघडंच राहिलं. त्यात तीन माना होत्या. त्यातली एक वर येईना. एक कावळा छपरावरून उठून जवळच्या फांदीवर बसला. रामटेके काकांनी खुणेनं विचारलं, निघायचं का? ऊन कलायला लागलं होतं आणि घर लांब होतं. बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. "तिचं यायचं राहिलं," ते अगदी हळू म्हणाले आणि परत बसले. मग कोणीच उठलं नाही. मी त्या घरट्याकडं बघत होते आणि मनात नुसतं एकच चाललं होतं: ये ना वो माय, ये. कावळा एक फांदी आणखी जवळ सरकला. तेवढ्यात वरून ती आली, सरळ, गोल न घेता, कावळ्याच्या अंगावरूनच. चोचीचे दोन टक्‌ टक्‌ आवाज झाले. कावळा उडाला. तिनं पंख पसरले. बराच वेळ सावलीत दोनच माना दिसत होत्या. मग तिसरी हलली. म्हातारीनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि तोंडभर हसली. तिच्या तोंडात एकच दात होता.

आता निघायचं कसं? घंटी वाजवायची नाही हे ठीक, पण सायकल हातात धरून ढकलली तरी मागचं चाक टिकटिक करतं, आणि पंचवीस चाकांची टिकटिक त्या झाडांखालून न्यायची म्हणजे परत तेच. रामटेके काका डोकं खाजवत उभे होते. बाबा उठले. आपल्या सायकलपाशी गेले. दोन्ही चाकं फिरू नयेत म्हणून एक हात दांड्याखाली, एक सीटखाली घातला आणि सायकल उचलून खांद्यावर घेतली. चपला काढून कॅरिअरला अडकवल्या, कारण मुरुमावर त्या कुरकुरत होत्या. आणि अनवाणी, खांद्यावर सायकल घेऊन, ते गावाच्या मधोमध रस्त्यानं चालू लागले. मागून सगळे. कॅशियरला उचलेना, तर एका गावकऱ्यानं मागचं चाक धरलं. माझी मी उचलायला गेले तर म्हातारी पुढं झाली आणि आम्ही दोघींनी मिळून ती नेली. दुतर्फा माणसं उभी होती आणि तोंडावर पदर, गमछे धरून हसत होती. वर छत्र्या उघड्या होत्या. एकही मिटली नाही. गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर पोचलो, तेव्हा बाबांच्या सदऱ्यावर खांद्यापाशी ग्रीसचा काळा पट्टा उमटला होता.

घरी पोचायला अंधार पडला. बाबा मोरीत हातपाय धुवत होते आणि मी आईला स्वयंपाकघरात सगळं एका दमात सांगत होते. दिवसभराचं तुंबलेलं बोलणं. आई पोळ्या लाटत हूं हूं करत होती. बाबांनी सायकल खांद्यावर घेतली तिथं मी आले, आणि लाटणं थांबलं.

"चपला काढून?" आईनं विचारलं.

"हो. काहून?"

आईनं मोरीच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुह्या आज्यानं सायकल घेतली होती. त्याच्या गावात आपल्या लोकाईतली पहिली. गावातून बसून गेला म्हणून त्याले उतरोवलं. चपला काढाले लावल्या, सायकल डोक्यावर देल्ली, अन् गावभर चालोवलं. हे आठ वर्साचे होते. मांगं मांगं चालत होते बापाच्या." ती परत पोळी लाटायला लागली. ती पोळी गोल झाली नाही. "मले लग्नानंतर एकडाव सांगतलं. परत नाही."

मी ताट घेऊन बाहेर आले. बाबा पाटावर बसले होते. मी वरण वाढलं, भात वाढला, आणि उभीच राहिले. त्यांच्या ताठ मानेविषयी, घंटीवरून न हलणाऱ्या त्या अंगठ्याविषयी मी इतकी वर्षं ऐकत आले होते आणि मला वाटत होतं ते साहेबासाठी होतं. आपल्या बापाविषयी इतकं अज्ञान मला सहन होईना.

"काय पाहून राहिली?" बाबा म्हणाले.

"बाबा, सायकल उचलताना तुमाले काही वाटलं नाही?"

त्यांनी आतल्या दाराकडं पाहिलं. आईनं सांगितलं हे त्यांना कळलं असावं. त्यांनी भातात वरण कालवलं.

"बापाले त्याईनं उचलाले लावली होती," ते म्हणाले. "आज मले कोणं लावली? कोणीच नाही." मग स्वतःशीच नवल वाटल्यासारखी त्यांनी मान हलवली. "तलावापोतर नेली, मंजे. वजनच नाही लागलं."